या आठवड्यात किती चुकल्या?

आमच्या बाईंनी मला दवाखान्यात कामाला ठेवलं ते माझ्या तोंडाचा पट्टा ऐकून. खोटं वाटेल, पण खरं आहे. मी गेले होते सासूबाईंना दाखवायला. बोईसर स्टेशनकडून कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक गल्ली आहे, तिथे त्यांचा दवाखाना. बाकावर शेजारी एक माणूस बसला होता. हातात केसपेपर आणि गालात तंबाखू. दवाखान्यात, हृदयाच्या डॉक्टरच्या दारात, गालात तंबाखू! माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. मी त्याला असा झाडला की तो बाहेर जाऊन थुंकून, चूळ भरून, पुन्हा येऊन हात जोडून बसला. तेवढ्यात आतलं दार किलकिलं झालं आणि एक लहानखुरी बाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता आपल्यालाच हाकलतात.

सासूबाईंना तपासून झालं. मग बाईंनी मला विचारलं, तुम्ही कुठे नोकरी करता का? मी म्हटलं, नाही, चिंचणीला घर आहे, वाडी आहे, तेवढंच बघते. तर म्हणाल्या, "मला रागावता येत नाही हो. लोक माझं सगळं ऐकून घेतात, मान डोलवतात आणि घरी जाऊन होतं तेच करतात. ते काम तुम्ही कराल?"

केसपेपर काढायचे, नंबर लावायचे, फोन घ्यायचे आणि रागवायचं. माझी नोकरी ही अशी. अठरा वर्षं केली.

बाईंचं नाव कुमुद. पण नावाने कोणी हाक मारली नाही. गावची माणसं डाक्टरीणबाय म्हणायची, कारखान्यातले यूपी-बिहारचे कामगार मॅडमजी म्हणायचे, आणि आम्ही नुसतं बाई. मूळच्या केळव्याच्या, बागायतदारांच्या घरातल्या. बोईसरला दवाखान्याच्या मागेच दोन खोल्यांत राहायच्या. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, अंगावर सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बघून पहिल्यांदा मीसुद्धा तोंडाला पदर लावला होता. रोज सकाळी त्या तेच बूट घालून तासभर चालून यायच्या, आणि तेच घालून दिवसभर वावरायच्या. बदलायचे कशाला, उद्या परत घालायचेच आहेत, हे त्यांचं उत्तर.

सगळ्यांना अहोजाहो. माझ्यासारख्या हाताखालच्या बाईलाही, आणि दोन वर्षांच्या पोरालाही. शेंबूड गळतोय, भोकाड पसरलंय, आणि बाई म्हणतायत, "अहो, तोंड उघडता का जरा?" पोरगं बिचारं बावचळून तोंड उघडायचं.

गळ्यात स्टेथोस्कोप असायचाच, पण त्याच्या जोडीला शिंप्याची टेपही असायची. आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं पोट मोजायच्या. सर्दी झालेली असो, पायात काटा गेलेला असो, आधी बेंबीवरून टेप. केसपेपरवर आकडा लिहायच्या आणि पुढच्या वेळी त्याखाली दुसरा. एका कामगाराने एकदा विचारलंच, "मॅडमजी, पँट सिलवानी है क्या?" बाई आवाज न करता हसायच्या, फक्त खांदे हलायचे. म्हणाल्या, "पँट तुमचे पास है, उसमें बसने का है." त्यांचं हिंदी ऐकून कामगारच शरमायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. नवीन माणूस विचारायचा, मला काही होत नाही, मग हे कशाला तपासताय? तेव्हा त्या म्हणायच्या, "दुखतं त्याला सगळेच विचारतात. मी न दुखणाऱ्याचं बघते." रक्तदाब काही दुखत नाही, साखर दुखत नाही, शिरांत चरबी साठते ती दुखत नाही. जेव्हा दुखतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे त्या दिवसाला तीस वेळा सांगायच्या आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारख्या.

आणि त्यांचा तो गप्प बाक! त्याला हे नाव मीच दिलं. प्रेशर मोजण्याआधी माणसाने त्या बाकावर पाच मिनिटं बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला, मोबाइल माझ्या खणात, आणि तोंड बंद. धावत आलेल्या, भांडत आलेल्या माणसाचं प्रेशर खोटं येतं म्हणायच्या. पण बोईसरच्या माणसाला पाच मिनिटं गप्प बसवून दाखवा तुम्ही! मासळी विकून आलेल्या दोघी जणी शेजारी बसल्या की नुसत्या डोळ्यांनी भांडण पुढे चालू ठेवायच्या. मला पट्टी आपटावी लागायची.

एकदा रात्रपाळी संपवून एक बिहारी पोरगा थेट आला. दुसऱ्या कुठल्यातरी डॉक्टरने प्रेशर जास्त आहे म्हणून चिठ्ठी दिली होती, पार घाबरला होता. गप्प बाकावर बसला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. त्याचा नंबर आला. मी हलवायला गेले, तर बाईंनी माझं मनगट धरलं. मागचे सगळे पेशंट पुढे घेतले, दवाखाना रिकामा होत आला, हा आपला झोपलेला. जागा झाला तेव्हा पंखा त्याच्याकडे वळवलेला होता. बाईंनी प्रेशर मोजलं, चांगलं निघालं. "आपको अभी गोली नको, पहले झोप चाहिए," असं सांगून त्याला आणखी तीन वेळा, झोप झाल्यावरच, यायला लावलं. तिन्ही वेळा चांगलं आलं. गोळीशिवाय गेला.

पाळीवाल्यांवरून त्यांनी आणखी एक गोष्ट बदलली. वाचता न येणाऱ्यांसाठी त्या गोळीच्या पाकिटावर चित्र काढायच्या, सकाळला सूर्य, रात्रीला चंद्र. पण ज्याची सकाळ संध्याकाळी होते त्याने सूर्य कधी धरायचा? एका कामगाराची रात्रपाळी लागली की त्याच्या गोळ्या हमखास राहायच्या. तेव्हापासून बाई जेवणाच्या डब्याचं चित्र काढायला लागल्या. पाळी कुठलीही असो, डबा उघडला की गोळी. त्याच्या बायकोने तर गोळी डब्याच्या झाकणालाच कागदात चिकटवून द्यायला सुरुवात केली.

खाण्याबद्दल त्या कधी कोणाला बंद म्हणायच्या नाहीत. आमच्या गावातल्या जयवंतीमावशी, मासळी विकणाऱ्या, सत्तरीच्या. त्यांचं प्रेशर काही केल्या खाली येईना. सुकी मासळी कमी करा म्हटल्यावर त्या खवळल्या. "पावसात बोटी वर काढल्या का खाऊ काय मी? तुज्या गोळ्या?" मी उठून झापणार होते, पण बाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. आणि बोंबील कसे करता ते शांतपणे विचारून घेतलं. मग सांगितलं, दोनदा पाण्यात भिजवा, दोन्ही वेळचं पाणी फेका, कालवणात वरून मीठ घालू नका, आणि पापड-लोणचं तेवढं सुनांना देऊन टाका. मावशी गेल्यावर मला म्हणाल्या, "सुकी मासळी बंद म्हटलं तर माणूस मासळी बंद करत नाही, डॉक्टर बंद करतो." तीन-चार महिन्यांत मावशींचं प्रेशर उतरलं. त्या भिजवून, धुऊन केलेल्या बोंबलाचा डबा घेऊन आल्या आणि बाईंनी तो त्यांच्यासमोर बसून खाल्ला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट होता.

हे सगळं गोड गोड बाईंचं. त्याच्यावरची फोडणी माझी. पेशंट आत जाण्याआधी मी पेपर काढतानाच विचारायची, गोळ्या घेतल्या? रोज? खरं सांगा, मला चेहऱ्यावरून कळतं. पोट मागच्या वेळेपेक्षा वाढलं असेल तर सगळ्यांसमोर सांगायची. माणसं माझ्या टेबलापुढे शाळेतल्या पोरांसारखी उभी राहायची. आणि मला वाटायचं, दवाखाना माझ्या धाकावर चाललाय.

आता घरचं सांगते, कारण बाईंची खरी ओळख मला तिथेच झाली.

आमच्या घरात पुरुषमाणसाचं पन्नाशीला काही खरं नसतं. सासरे एकोणपन्नासाव्या वर्षी गेले. वाडीतून आले, अंगणात बसून पाणी मागितलं, आणि सासूबाई तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत संपलं होतं. मोठे दीर एक्कावन्नचे होते. कंपनीच्या बसची वाट बघत उभे होते, तिथेच खाली बसले. दोघांनाही त्याआधी कधी काही झालेलं नव्हतं. आमचे हे, प्रभाकर, एका केमिकलच्या कारखान्यात बॉयलरवर. ते पंचेचाळिशीचे झाले तशा सासूबाई त्यांना सकाळी उठवायला स्वतः जायला लागल्या. काही बोलायच्या नाहीत. दाराशी उभ्या राहून श्वास बघायच्या आणि मग हाक मारायच्या. मला एकच पाहिजे होतं, ह्यांनी एक्कावन्न ओलांडावं.

म्हणून मी त्यांना बाईंकडे नेलं. प्रेशर निघालं. गोळी सुरू झाली. महिन्या-दीड महिन्याने तारीख असायची, ह्यांचं प्रेशर दर तारखेला एकशे तीसच्या आसपास. मी फुलून गेले होते. बाकावरच्या लोकांना दाखवायची, आमच्या ह्यांचं बघा, ह्याला म्हणतात औषध घेणं! हे बिचारे मान खाली घालून बसायचे. मला वाटायचं, लाजतायत.

ह्यांना पन्नासावं लागलं त्या वर्षी आमच्या मोठीचा साखरपुडा झाला. अंगणात मांडव, दीडशे पान. बाई जेवायला आल्या. डॉक्टर दिसला की आपली माणसं कशी करतात ते माहीत आहे ना तुम्हाला. जेवणं झाली आणि सगळ्या म्हाताऱ्या बाईंभोवती गोळा, जरा बघा ना, जरा बघा ना. पर्समध्ये प्रेशरचं यंत्र असायचंच. बाईंनी खुर्ची मांडली आणि एकेकाचं बघायला लागल्या. हे जिलबीचं ताट घेऊन फिरत होते. माझ्या भावाने त्यांना गमतीने धरून आणलं, वधूपित्याचं बघा म्हणून. हे नको नको म्हणत होते. मीच ओरडले, बसा की, तुमचं चांगलंच येणार आहे!

बाईंनी मोजलं. परत मोजलं. मग ह्यांना पाच मिनिटं गप्प बसायला सांगितलं आणि तिसऱ्यांदा मोजलं. सगळे बघत होते. बाई यंत्राकडे बघून म्हणाल्या, "हे मेलं बिघडलं वाटतं. प्रभाकरराव, मला तुमची वाडी तरी दाखवा." बाईंच्या तोंडून मेलं हा शब्द मी पहिल्यांदा आणि शेवटचा ऐकला. मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी विहीणबाईंच्या सरबराईत.

थोड्या वेळाने मी बाईंसाठी शहाळं घेऊन मागे वाडीत गेले. विहिरीच्या कठड्यावर दोघं बसले होते. माझी चाहूल लागली नाही. बाईंनी विचारलं होतं वाटतं, कारण हे सांगत होते, तारखेच्या आधी चार-पाच दिवस घेतो, एरवी नाय.

"वरचा एकशे नव्वद आहे प्रभाकरराव. खालचा एकशे दहा. गोळी का सोडलीत?"

"पाय सुजतात, बाई. सेफ्टी शूज चढत नाय. आठ तास बॉयलरला उभं राहायचं."

"त्याला दुसरी गोळी असते. मला का नाही सांगितलंत?"

हे विहिरीत डोकावले. मग म्हणाले, "कसं सांगू? बाहेर ही बसलेली हाय ना."

माझ्या हातातलं शहाळं खाली पडलं. दोघांनी वळून बघितलं.

काय सांगू मला काय वाटलं ते. शरम, राग, भीती, सगळं एकदम. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. अख्ख्या बोईसरला मी औषध घ्यायला शिकवत होते आणि माझ्या घरात, माझा नवरा, माझ्याच भीतीने, बापाच्या आणि भावाच्या वाटेने चालला होता. मांडवात वाजंत्री चालू होती. माळ्यावर, दिवाळीच्या माळा ठेवतो त्या पत्र्याच्या डब्यात मला नंतर गोळ्यांची पाकिटं सापडली. एकेका पाकिटातल्या चार-पाच गोळ्या काढलेल्या, बाकीच्या तशाच.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले ती नोकरी सोडते सांगायला. बाईंनी मला आत बसवलं, दार लावलं. म्हणाल्या, "तुमची चूक नाही, निर्मला. रागवायला तुम्हाला मीच ठेवलं होतं. मला जमत नव्हतं ते दुसऱ्याकडून करून घेतलं आणि चांगले आकडे बघून खूश राहिले. डॉक्टर मी आहे. हे मला आधी कळायला हवं होतं." असं त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मग मीही रडले. बाहेर बाकावर लोक खोळंबले होते, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

ह्यांची गोळी बदलली. आणि छातीची पट्टी म्हणजे कार्डिओग्राम, हृदयाची सोनोग्राफी, रक्त, सगळं करायला पालघरला पाठवलं. रिपोर्ट यायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत मी स्वयंपाक काय केला, कोणाशी काय बोलले, काही आठवत नाही. ह्यांनीच मला समजावलं. पहिल्यांदाच सांगितलं की त्यांनाही भीती वाटते, भाऊ बसथांब्यावर खाली बसला ते रोज त्याच थांब्यावर उभं राहून आठवतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हे मला माहीत नव्हतं.

रिपोर्ट आला. बाईंनी चष्मा लावला, एकेक कागद वाचला. मी समोर उभी, हे बाकावर. बाई वाचता वाचता थांबल्या, परत मागचा कागद काढला. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, हृदयाची भिंत थोडी जाड झालीय, पण काम चांगलं करतंय. वेळेत सापडलंय. गोळी रोज घेतली तर काही बिघडत नाही. मी मटकन खाली बसले, जमिनीवरच. ह्यांनी मला उठवलं.

त्या दिवसापासून दवाखान्याची रीत बदलली. बाईंनी मला बसवून शिकवलं. गोळ्या घेतल्या का, असं विचारायचंच नाही. घेतल्या का विचारलं की माणूस हो म्हणतो. विचारायचं असं, "गोळी सगळ्यांचीच कधी कधी चुकते. या आठवड्यात तुमच्या किती चुकल्या?" आणि आकडा काहीही येऊ दे, चेहरा हलवायचा नाही. नुसता लिहून घ्यायचा. आणि तारखेच्या आधी चार दिवस गोळ्या घेऊन येऊ नका, जशा असाल तशा या, हेही सांगायचं.

चेहरा हलवायचा नाही! हे माझ्यासाठी किती कठीण होतं ते मलाच माहीत. पहिल्या दिवशी एका काकांनी सांगितलं, सहा चुकल्या. आठवड्यातल्या सहा! माझ्या जिभेवर काय काय आलं. मी पेनाचं टोपण इतकं दाबलं की तुटलं. पण लिहिलं, सहा. काकांनी माझ्याकडे दोनदा बघितलं, आता ओरडतील मग ओरडतील म्हणून. मी काही बोलले नाही तसे ते आपणहून म्हणाले, गोळीने खोकला येतो हो, म्हणून घेत नाही. आत गेले, बाईंनी गोळी बदलली.

मग काय, पूरच आला. जो तो खरं बोलायला लागला. कोणी उपासाच्या दिवशी गोळी घेत नव्हता, उपास मोडतो म्हणून. श्रावणात तर महिनाभर निम्म्या गोळ्या गायब. एका आजीबाई आपली अर्धी गोळी म्हाताऱ्याला देत होत्या, दोघांनाही गुण येईल म्हणून. जयवंतीमावशींनी पिशवीभर गोळ्या आणून टेबलावर ओतल्या आणि म्हणाल्या, घे, आता तू वरडत नाय तं खरं सांगते. मासळी भिजवून खाऊन प्रेशर उतरलं तशी त्यांनी गोळी सोडली होती, आणि तारखेपुरती घेत होत्या. बाईंनी ते ऐकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मीही हसले. त्या महिन्यात दवाखान्यातले सगळ्यांचे आकडे बिघडले, आणि बाई मला म्हणाल्या, एवढे चांगले आकडे मी कधी बघितले नव्हते, हे खरे आहेत.

घरीही तेच. मी ह्यांना रोज सकाळी गोळी घेतली का विचारणं बंद केलं. रविवारी एकदा विचारायची, किती चुकल्या? हे सांगायचे, एक. किंवा, एकही नाय. सुरुवातीला मला संशय यायचा, मी गुपचूप पाकीट मोजायची. मग तेही सोडून दिलं. हे संध्याकाळी समुद्राच्या बाजूने चालायला जायला लागले. तंबाखू आधी सुटली नाही, मग सुटली, परत लागली, परत सुटली. तेही ह्यांनी स्वतःच बाईंना जाऊन सांगितलं, दर वेळी.

एक्कावन्न झालं. मग बावन्न लागलं. त्या दिवशी काही केलं नाही आम्ही, वाढदिवस वगैरे आमच्यात नसतो. पण सासूबाई सकाळी ह्यांना उठवायला गेल्या नाहीत. अंगणात बसून राहिल्या. हे आपणहून उठून आले, त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायले. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि वाडीत निघून गेल्या. आणखी तीन वर्षांनी त्या गेल्या, मुलाच्या हातचं पाणी पिऊन गेल्या. ह्याचं मला फार समाधान आहे.

गेल्या वर्षी बाईंनी दवाखाना बंद केला. गुडघे साथ देईनात, आणि केळव्याला भावाची मुलं बोलावत होती. पंधरा दिवस आधी मी सगळ्या पेशंटना फोन केले. दुसऱ्या एका डॉक्टरकडे सगळे केसपेपर नेऊन दिले, बाईंनी त्यांना बसून एकेक माणूस समजावून सांगितला. शेवटच्या दिवशी बाकावर मावत नव्हती एवढी माणसं आली. कोणी नारळ, कोणी चिकू, कोणी सुपारीची रोपं. कोणी रडत होतं. बाई प्रत्येकाचं प्रेशर मोजत होत्या. आज कशाला बाई, म्हटलं तर म्हणाल्या, आज तारीख आहे त्यांची.

पहिल्या पाळीवरून सुटून हेही आले. नंबर लावून बसले. मी त्यांचा पेपर काढला आणि सवयीने विचारलं, या आठवड्यात किती चुकल्या? "तीन," हे म्हणाले. "परवा मुलीकडे गेलो होतो, तिथं विसरलो. मग आळस केला." एवढ्या लोकांत सांगितलं, मान वर करून. मी लिहिलं, तीन. आत बाईंनी तो आकडा वाचला आणि ह्यांच्याकडे बघून इतक्या प्रसन्न हसल्या, एखाद्याने बक्षीस आणावं तशा.

संध्याकाळी बाईंचा भाचा गाडी घेऊन आला. पुस्तकांचे खोके जड होते. हे आणि तो मिळून गाडीत ठेवायला लागले. बाई रस्त्यावर उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, पुस्तकांकडे बघतायत. मग लक्षात आलं, त्या ह्यांच्याकडे बघत होत्या. खोका उचलतात कसा, पायऱ्या उतरतात कसे, श्वास लागतो का. पाच खोके झाले, सहावा झाला. हे घामाघूम होते पण दम लागला नव्हता. ह्यांनाही ते कळलं.

"बाई, नका बघू. मी ठीक हाय."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही ठेवा खोके. मला बघू द्या."

सगळे खोके ठेवून होईपर्यंत त्या उभ्या होत्या. मग गाडीत बसल्या, काच खाली केली, माझा हात एकदा धरला आणि सोडला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली. मला वाटलं होतं मी फार रडेन. पण हे शेजारी उभे होते, सत्तावन्न वर्षांचे, शर्टाच्या बाहीने घाम पुसत, आणि म्हणाले, चल, मला भूक लागलीय.